धाब्याचे घर

(संसाराच्या आरंभी हाती पैसा थोडा असतो आणि मनात इच्छा पुष्कळ असतात. अशा वेळी आधी काय करावे व मागून काय करावे, हे ठरविणे कठीण जाते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या पहिल्या घराची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

मुलांनो, तुमच्या गणिताच्या पुस्तकात घरखर्चाची उदाहरणे असतात. 'एका गृहस्थाचे मासिक उत्पन्न इतके; त्याने अमुक रक्कम धान्यावर व अमुक रक्कम घरभाड्यावर खर्च केली, तर शिल्लक किती?' असा प्रश्न विचारलेला असतो. आपण वजाबाकी करतो, पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले की वही मिटतो. तरुणपणी मराठीबरोबर गणिताचेही तास मला घ्यावे लागत, आणि अशी कितीतरी उदाहरणे मी मुलांकडून सोडवून घेतली. परंतु याच जातीचे एक उदाहरण माझे स्वतःचे चुकले होते. ते कसे चुकले व कसे सुधारले, हे आज तुम्हांला सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद हे आमचे तालुक्याचे गाव. खानदेशातील जळगावापासून ते वेगळे ओळखू यावे म्हणून शेजारच्या जामोद या गावाचे नाव त्याला जोडतात. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेस पूर्णा नदीकडे उतरत गेलेली काळीभोर जमीन, आणि आगगाडी गाठावयाची तर नांदुऱ्याचे स्टेशन, असा हा मुलूख. येथील शाळेत मी शिक्षक म्हणून लागलो. १९८५ साली माझा विवाह झाला आणि भाड्याच्या एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. ती खोली एवढीशी होती की, आत स्वयंपाक चालू असला म्हणजे मुलांच्या वह्या तपासण्यासाठी मला बाहेर ओट्यावर बसावे लागे.

माझ्या पत्नीने माहेराहून आणलेल्या वस्तूंत लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानांची एक कोरी वही होती. भांडीकुंडी लावून होताच तिने ती वही उघडली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिले : 'दूध, ३ रुपये. रॉकेल, ४ रुपये.' मग ती मला म्हणाली, "या वहीचा एकच नियम. खर्च थोडा होवो की फार, शहाणपणाचा होवो की वेडेपणाचा, तो इथे लिहायचा. वहीशी खोटे बोलायचे नाही." मी हसून मान डोलाविली. नियम मला फारच सोपा वाटला.

दीड वर्षात त्या वहीने आम्हांला एक गोष्ट दाखवून दिली. काटकसर केल्यास दरमहा दोन-अडीचशे रुपये मागे पडू शकत होते. ते आम्ही डाकघरात ठेवू लागलो. त्यात माझी लग्नापूर्वीची शिल्लक होतीच. १९८६ च्या दिवाळीत वहीतील बेरीज ७,२०० रुपयांवर गेली, तेव्हा स्वतःचे घर घेण्याचा विचार आम्ही प्रथम बोलून दाखविला.

घर पाहावयास निघालो तेव्हा आमच्या गल्लीतील एक वृद्ध मिस्तरी आमच्याबरोबर आले. त्यांचे सारे आयुष्य भिंती रचण्यात गेले होते. निघतानाच ते आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, "गुरुजी, रंगवलेली भित कोनाचीबी साजरीच दिसते. घर घ्याचं असन तं पाया पाहा, पानी पाहा, अन् धाबं पाहा."

पहिले घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होते. ते विटा-सिमेंटचे असून त्याला फिकट निळा रंग दिलेला होता. किंमत १९,००० रुपये. मी तर पाहताक्षणीच भुललो. मिस्तरींनी मात्र दरवाजा ओढून पाहिला. तो चौकटीत नीट बसेना. मग त्यांनी भिंतीवरून बोट फिरविले. ताज्या रंगाखाली वरपासून खालपर्यंत गेलेली एक भेग बुजविलेली होती. ते म्हणाले, "हे घर काळीत उभं हाये."

या बोलण्याचा अर्थ तुम्ही समजून घेतला पाहिजे. आपल्याकडील काळी माती कपाशीला उत्तम असते, कारण ती पाणी धरून ठेवते. परंतु पाणी शोषले की ती फुगते, आणि उन्हाळ्यात वाळली की आकसते. म्हणूनच वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उथळ पाया घातला तर जमीन दरवर्षी घराला वर उचलते व खाली सोडते, आणि शेवटी भिंत तडकते. पाया खूप खोल, न हलणाऱ्या थरापर्यंत नेल्यास काळ्या जमिनीवरही घर टिकते. तळाशी फुगीर केलेले खोल खांब रोवण्याची पद्धतही यासाठी स्थापत्यशास्त्रज्ञांनी शोधून काढली आहे. पण त्याला खर्च लागतो, आणि या घराचा तो खर्च वाचविलेला होता. आपल्या पूर्वजांनी तर जमिनीचे दोन भागच केले होते. पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. गाव वसते ती फिकट, मुरलेली जागा म्हणजे पांढरी. शेत काळीत करावे आणि घर पांढरीत बांधावे, ही विभागणी अनुभवाने ठरलेली होती.

दुसरे घर दक्षिणेस, पूर्णेच्या बाजूच्या एका खेड्यात होते. चार खोल्या, मोठे अंगण, अंगणात विहीर. आणि किंमत फक्त १२,००० रुपये! सायकलने शाळेत जाणे मला अवघड नव्हते. इतक्यात पत्नीने पोहरा सोडून पाणी काढले व एक घोट घेतला. तिचा चेहरा पाहताच मी काय ते ओळखले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरींना गोडे पाणी लागते. जसजसे नदीकडे खाली उतरावे, तसतसे ते खारे होत जाते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, आणि वर्षानुवर्षे ते पिणे प्रकृतीलाही चांगले नसते. अंगणात विहीर असूनही पिण्याचे पाणी दुरून आणावे लागले असते.

तिसरे घर गावातच, जुन्या वस्तीत होते. घर कसले, मातीच्या जाड भिंतींचे धाबेच ते! समोर ओटा, आत पाच खणांचे माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि लहानसे परसू. ज्या आजींचे ते घर होते, त्या आपल्या मुलाकडे अकोल्याला राहावयास जाणार होत्या. त्यांनी १८,००० रुपये सांगितले. मिस्तरींनी पाया पाहिला, खांब ठोकून पाहिले, लाकडाला वाळवी नाही याची खात्री केली. शिडी लावून ते वर चढले आणि खाली उतरून म्हणाले, "घर पक्कं हाये. धाब्यावरची माती तेवढी धुपली. पावसाच्या आंधी बाराशे रुपये लावा, मंग वीस वर्सं पाहू नका."

मला ते घर पसंत पडेना. माझ्या बरोबरीच्या शिक्षकांची घरे सिमेंटची होती. मी वाटेत पत्नीला म्हणालो, "लोक काय म्हणतील? शिक्षकाने मातीचे घर घेतले!"

ती म्हणाली, "सेवाग्रामला गांधीजी राहत होते, ते घर कशाचे होते हो?"

मी निरुत्तर झालो. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळ, पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झालेल्या गावी राहावयास गेले. तेथील आदी निवास व बापू कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कौले यांच्याच आहेत, आणि देशाचे मोठमोठे पुढारी तेथे चटईवर बसून विचारविनिमय करीत. आमच्याही भागात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर चढतो. त्या वेळी सिमेंटच्या छताखाली जीव कासावीस होतो, पण धाब्याखाली मात्र थंड वाटते, कारण मातीचा जाड थर उष्णता लवकर आत येऊ देत नाही. लाज वाटण्याजोगे त्या घरात काहीच नव्हते. लाज होती ती माझ्या मनात.

घर घ्यावयाचे ठरले. आता गणित पाहा. किंमत १८,००० रुपये, मुद्रांक, नोंदणी व लेखनावळ मिळून २,००० रुपये, एकूण २०,०००. डाकघरातील ७,२०० पैकी धाब्याच्या दुरुस्तीचे १,२०० वेगळे ठेवून ६,००० काढले. शिक्षकांच्या पतसंस्थेकडून १०,००० रुपयांचे कर्ज मिळाले. ४,००० कमी पडत होते. पत्नीने कपाळावर आठी न घालता हातांतील दोन पाटल्या काढून ठेविल्या. "हातांत काचेच्या बांगड्याही शोभतात," एवढेच ती म्हणाली.

कर्जाचे व्याज दरसाल दर शेकडा १२, म्हणजे महिन्याला शेकडा १ रुपया होते. मुद्दल दरमहा २५० रुपये फेडावयाचे. तेव्हा पहिल्या महिन्याचा हप्ता २५० अधिक व्याज १००, असा ३५० रुपयांचा आला. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ९,७५० उरले, म्हणून व्याज ९७ रुपये ५० पैसे झाले. माझ्या हाती वेतनाचे १,३५० रुपये पडत. हप्ता जाऊन हजार उरत, आणि त्यातच घर चालवावयाचे, आईवडिलांना पैसे पाठवावयाचे, आजारपणासाठीही काही ठेवावयाचे होते.

शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन वा घर विकावयाचे झाल्यास तो व्यवहार नोंदलेल्या कागदानेच व्हावा लागतो, असा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम आहे. त्याप्रमाणे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खरेदीखत नोंदविले, पुढे आखीव पत्रिकेवर आमचे नाव चढविले आणि १९८७ च्या गुढीपाडव्यास आम्ही त्या घरात राहावयास गेलो.

त्या रात्री पत्नीने लाल वहीत तीन रकाने आखले. पहिल्याच्या डोक्यावर लिहिले 'आधी', दुसऱ्याच्या 'मागून' आणि तिसऱ्याच्या 'राहू दे'. ज्यावाचून घर उभे राहणार नाही किंवा चालणार नाही, ते पहिल्या रकान्यात. ज्याने सोय होईल ते दुसऱ्यात. आणि ज्याने केवळ हौस भागेल ते तिसऱ्यात. 'आधी' या रकान्यात आले धाबे, पाण्याचा रांजण आणि एक जुने शिवणयंत्र. शिवणयंत्राला ४५० रुपये पडत होते. परंतु त्यावर कपडे शिवून ती दरमहा काही मिळविणार होती, म्हणून ते पहिल्या रकान्यात. 'मागून' मध्ये लोखंडी कपाट व टेबल-खुर्ची. 'राहू दे' मध्ये दूरदर्शन संच.

अशा क्रमाने संसार मांडणारे आम्ही काही पहिले नव्हतो. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ साली आनंदवनाच्या माळावर बिऱ्हाड थाटले, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय होती, आणि हाती होते अवघे १४ रुपये. त्यांनीही आधी काय केले? पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. त्यांचे कार्य फार थोर आणि आमचा संसार फार लहान. पण 'आधी काय?' हा प्रश्न थोरांना आणि लहानांना सारखाच सोडवावा लागतो.

घर हळूहळू सजू लागले. जाड भिंतींत कोनाडे व देवळ्या होत्या. त्यांनाच आम्ही कपाट केले. किराणा दुकानातून आणलेल्या लाकडी खोक्यांना फळ्या ठोकून पुस्तकांसाठी मांडणी झाली. बाजेची चौकट जुन्या बाजारात मिळाली; अंबाडीचा दोर आणून ती मी स्वतः विणली. ती एका अंगाला जरा झुकली होती, पण झोप छान येई. जुन्या सुती लुगड्यांचे पडदे झाले. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात फिरवून खाली गेरूची पट्टी ओढली, जमीन शेणाने सारवली. पाहुणे आले म्हणजे सतरंजी पसरावी; खुर्ची नाही म्हणून कोणी परत गेले नाही.

आता माझ्या चुकीकडे वळतो. त्या वर्षी दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' ही मालिका दाखविली जात असे. ज्याच्या घरी संच असे, त्याच्या घरी सारी गल्ली लोटे. आम्हीही कोणाच्या तरी दारात उभे राहून ती पाहत असू. एका रविवारी दाराशी इतकी गर्दी होती की, माझ्याच वर्गातील एका मुलाने उठून मला जागा दिली. मला ते फार लागले. दुसऱ्याच दिवशी धाब्याच्या पैशांच्या डब्यातून मी ५०० रुपये काढले आणि एका दुकानात दूरदर्शन संचासाठी इसार म्हणून देऊन आलो. उरलेले पैसे हप्त्याने द्यावयाचे होते. संच घरी येईल तेव्हा पत्नीला आश्चर्याचा धक्का बसेल, असे मी मनाला समजाविले. खरे कारण वेगळे होते. विचारले तर ती 'नाही' म्हणेल, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी मी वहीत काहीही लिहिले नाही.

मुलांनो, एक खोटे एकटे राहत नाही. त्याला सोबत लागते. अक्षय तृतीयेनंतर मिस्तरी मोकळे झाले. पत्नी म्हणे, "त्यांना बोलवा ना." मी म्हणे, "पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात मी म्हणे, "माती चांगली मिळत नाही." जून उजाडला, पण पावसाने ओढ दिली. १९८७ हे साल आपल्या देशात अवर्षणाचे साल म्हणून ओळखले जाते. शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसले होते, आणि मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो की, पाऊस आणखी थोडा लांबला तर बरे! आपली चूक झाकावी म्हणून साऱ्या गावाचे अहित चिंतण्यापर्यंत माझे मन गेले होते. आज ते आठवले तरी मान खाली जाते.

जुलैच्या मध्यास एका रात्री पाऊस आला. दोनच्या सुमारास टपटप आवाजाने आम्ही जागे झालो. माजघराच्या कोपऱ्यात शिवणयंत्रावर लाल-तपकिरी पाण्याची धार लागली होती. पत्नीने धावत जाऊन कपड्यांचा गठ्ठा उचलला, पण उशीर झाला होता. त्यात शेजारच्या मुलांचे चार गणवेश होते आणि एका मजूर बाईने नागपंचमीसाठी आपल्या मुलीचे परकर-पोलके शिवावयास टाकलेले नवे पिवळे कापड होते. गणवेश धुऊन निघाले. पिवळ्या कापडावरचे मातीचे डाग काही केल्या जाईनात.

"धाब्याचे पैसे डब्यात आहेतच," ती म्हणाली, "उद्या मिस्तरींना बोलवाच." मी काही बोललो नाही. उरलेली रात्र मी भांड्यांत पडणारे थेंब ऐकत काढली.

सकाळी ती बाजारात गेली, तसेच कापड विकत घेतले आणि त्या बाईच्या घरी निघाली. मीही मागोमाग गेलो. तिने डागाळलेले व नवे अशी दोन्ही कापडे त्या बाईपुढे ठेविली आणि सांगितले, "तुमचे कापड आमच्या घरात भिजले. आमचे धाबे वेळेवर झाले नाही. चूक आमची आहे." 'आमची' हा शब्द तिने किती सहज उच्चारला! त्यात तिचा काडीइतकाही वाटा नव्हता.

घरी येताच मी वही उघडली. दोन महिन्यांपूर्वीच्या त्या तारखेखाली मला जागा सापडेना, म्हणून समासात लिहिले : 'दूरदर्शन संचासाठी इसार, ५०० रुपये. धाब्याच्या पैशांतून. पत्नीस न सांगता.' आणि वही तिच्यापुढे ठेविली.

तिने वाचले. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग तिने लेखणी घेतली आणि माझ्या ओळीखाली एकच शब्द लिहिला : 'पाहिले.'

नंतर ती म्हणाली, "पाचशे रुपये गेले याचे मला तितके वाईट वाटत नाही. पण दोन महिने ही वही खोटी होती, आणि मी रोज रात्री तिच्यावर खरी बेरीज करीत होते. तुम्हांला संच हवा होता, तर तसे सांगायचे. 'राहू दे' मधून आपण तो 'मागून' मध्ये आणला असता."

मी दुकानदाराकडे गेलो. सौदा मोडल्यास शंभर रुपये कापले जातील, असे त्याने आधीच सांगितले होते; त्याप्रमाणे ४०० परत मिळाले. डब्यात ७०० होते. झाले १,१००. शंभर कमी पडत होते. मिस्तरींना मी सर्व खरे सांगितले. ते मिशीत हसले व म्हणाले, "मंग शंभराची मजुरी तुमीच करा, गुरुजी."

पाऊस उघडताच काम सुरू झाले. धाबे कसे असते, ते मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजले. खांबांवर जाड तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीने घातलेल्या काटक्या, त्यांवर पाला आणि त्यावर मातीचा थर. सर्वांत वर खारी माती पसरतात. ती चोपून बसली म्हणजे पाणी खाली झिरपू देत नाही. माती सपाट पसरून चालत नाही. पाणी वाहून जावे म्हणून पन्हाळाकडे अगदी मंद उतार द्यावा लागतो. चार दिवस मी डोक्यावर टोपले घेऊन बैलगाडीपासून शिडीपर्यंत माती वाहिली. माझे विद्यार्थी रस्त्याने जाताना थांबून पाहत. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांतील दोघे आपण होऊन शिडी धरावयास आले. तिसऱ्या दिवशी कोण पाहत आहे, याचे मला भानही राहिले नाही. त्या पावसाळ्यात धाब्यातून पुन्हा थेंब पडला नाही.

दूरदर्शन संच आमच्या घरी आला तो १९९० च्या दिवाळीत, सर्व रक्कम रोख देऊन. 'रामायण' तर १९८८ च्या जुलैतच संपले होते. कर्ज त्याही आधी फिटले. पाटल्या मात्र पुन्हा घडविण्यास बरीच वर्षे लागली. १९९९ साली धाबे उतरवून आम्ही सिमेंटचे छत घातले. भिंती व पाया मात्र जुनेच आहेत.

२०२३ च्या जुलै महिन्यात आमच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नद्या-नाल्यांना पूर आले, अनेक गावांत पाणी शिरले. त्या रात्री आम्ही दोघे वृद्ध माणसे जागीच होतो. आमच्या गल्लीतूनही पाणी वाहत होते. ते आत येईल या भीतीने सामान वर ठेवावे, असे ठरले. मी दूरदर्शन संचाकडे वळलो. पत्नीने मात्र आधी देवळीतील वह्यांचा गठ्ठा उचलून माळ्यावर ठेविला. अडतीस वर्षांच्या हिशेबाच्या त्या वह्या होत्या. सर्वांत वर लाल पुठ्ठ्याची. पाणी ओट्यापर्यंत येऊन ओसरले. सकाळी वह्या खाली काढताना मी ते जुने पान उघडले. समासातील माझे अक्षर पुसट झाले आहे. त्याखालचा 'पाहिले' हा शब्द अजून स्पष्ट वाचता येतो.

मुलांनो, तुम्हीही एका कागदावर तीन रकाने आखा आणि तुम्हांला हव्या असलेल्या वस्तू त्यांत लिहा. कोणती वस्तू कोणत्या रकान्यात घालावी, यासाठी थोडा विचार करावा लागेल. आणि एखादी वस्तू चुकीच्या रकान्यात गेलीच, तर ती खोडून लपवू नका. समासात खरे काय ते लिहा आणि घरातील माणसांना दाखवा.

शब्दार्थ

धाबे : मातीचे सपाट छप्पर, तसे छप्पर असलेले घर. खण : जुन्या घरातील दोन तुळयांमधील अंतराचे माप. इसार : सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम. आखीव पत्रिका : घर-जागेच्या मालकीची सरकारी नोंद. अवर्षण : पाऊस न पडणे. पन्हाळ : छपरावरील पाणी बाहेर टाकणारी नळी. साजरी (वऱ्हाडी) : सुंदर, छान.

अभ्यास

१. मिस्तरींनी घर घेताना कोणत्या तीन गोष्टी पाहण्यास सांगितले? प्रत्येकीचे कारण लिहा.

२. 'काळी' व 'पांढरी' यांतील फरक स्पष्ट करा. तुमच्या गावाची वस्ती कोणत्या जमिनीवर आहे, ते वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.

३. शिवणयंत्र पहिल्या रकान्यात व दूरदर्शन संच तिसऱ्या रकान्यात का घातला?

४. 'चूक आमची आहे' असे पत्नीने का म्हटले असावे? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.

५. कर्जाचे मुद्दल दरमहा २५० रुपयांप्रमाणे फेडल्यास १०,००० रुपये किती महिन्यांत फिटतील? तिसऱ्या महिन्याचे व्याज किती येईल?

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : निरुत्तर होणे, पावसाने ओढ देणे, डोळे लावून बसणे, मान खाली जाणे.